माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि ११० वादकांची ती संध्याकाळ

सांजसारंग

गणपतीत आमच्या सोसायटीत एक रात्र ऑर्केस्ट्राची असते. ऑर्केस्ट्रा म्हणजे एक की-बोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक आणि दोघांपेक्षा जास्त बोलणारा निवेदक. यंदा सी विंगच्या काकांनी उंच काळी टोपी घालून 'अमर अकबर अँथनी'तलं 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' म्हटलं, टाळ्या घेतल्या. नंतर वडापावच्या रांगेत भाच्याने विचारलं, "हा गोन्साल्विस खरा होता का?" चौघांनी एका सुरात सांगितलं, "नाही रे, पिक्चरमधलं नाव." मी तोंड उघडलं ते वीस मिनिटं मिटलं नाही. शेवटी घरून हुकूम झाला की उरलेलं इथे येऊन लिही, लोकांचे वडे थंड करू नकोस.

तर, होते. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गाव माजोर्डा, दक्षिण गोवा. वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंद सांभाळायचे, त्यामुळे घरात भाकरी आणि नोटेशन एकदमच. पोरसवदा असतानाच ते दुसऱ्या मुलांना शिकवू लागले होते. १९४३ साली, सोळाव्या वर्षी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन बसले. पुढे व्हायोलिनच्या खुर्चीवरून उठून कागद-पेन्सिलीच्या खुर्चीवर गेले, म्हणजे अरेंजर झाले. मराठीत आपण 'संगीत संयोजक' म्हणतो. शब्द चांगला आहे, पण तो ऐकून माणूस खुर्च्या मांडणारा वाटतो.

संगीतकार चाल देतो. ती वीस व्हायोलिनं, दोन चेलो, बासरी, ट्रम्पेट, पियानो यांच्यात वाटायची कशी, कोणी कधी गप्प बसायचं, गायिकेचा श्वास संपतो तिथे कोणी शिरायचं, दोन अंतऱ्यांमधल्या जागेत काय वाजायचं, हे सगळं अरेंजर ठरवतो आणि लिहितो. आपण ज्याला 'गाण्याचं म्युझिक' म्हणून गुणगुणतो त्यातला बराच भाग त्याच्या हातचा असतो. शिवाय रेकॉर्डिंगला उभा राहून हात हलवतो तोही बऱ्याचदा तोच.

पण माझा जीव अडकलाय तो त्यांच्या सिनेमाबाहेरच्या कामात. मुंबईत आल्यावर त्यांना रागसंगीताने झपाटलं. चर्चमध्ये चार आवाजांच्या सुरावटी ऐकत वाढलेल्या माणसाला एकच सूर इतका वेळ घोळवणारं गाणं भेटलं, आणि त्याने ठरवलं की हे सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी लिहायचं. त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९५८ च्या एप्रिलमध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम झाला. ११० वादक. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. समोर स्वतःच्या हाताने लिहिलेली सुरावट घेऊन उभे अँथनी गोन्साल्विस, वय ३०. 'सोनाटिना इंडियाना', राग सारंगमधला कन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना), अशा त्यांच्या रचना.

या माणसाची कारकीर्द मोजायची तर मी त्या संध्याकाळपासून मोजेन. बाकीचं त्यांचं पोट होतं.

पुढे १९६५ च्या सुमारास त्यांनी सिनेमा सोडला. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाची प्रवासवृत्ती मिळाली, तिकडे गेले. परतले ते माजोर्ड्याला, आणि इंडस्ट्रीच्या दृष्टीने दिसेनासे झाले. १९७७ ला ते गाणं आलं. त्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातले प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते (राहुलदेव बर्मनही). पात्राचं आडनाव म्हणे आधी फर्नांडिस होतं, ते चालीत बसेना, तेव्हा प्यारेलालनी गुरूचं नाव सुचवलं. गुरुदक्षिणा एवढी मोठी की नाव देशभर गेलं आणि माणूस मागेच राहिला. जानेवारी २०१२ मध्ये ते गोव्यात वारले. अशोक राणे, श्रीकांत जोशी यांच्या गटाने त्यांच्यावर माहितीपट केला आहे, तो जरूर पाहा.

इथे वाजवणारी मंडळी आहेत, गोवेकर आहेत. भर घाला.

चहाबिस्कुट

वाचनखूण साठवली. मी त्या चौघांपैकीच. आजवर मला वाटायचं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या माणसाला कसलं आलंय चरित्र.

सासष्टीकर

माजोर्डा आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात, म्हणून राहवलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं गोंयकाराच्या रक्तात संगीत असतं. रक्तात काही नसतं हो, इस्कोलात असतं. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून शाळा, तिथे संगीताचा मेस्त्र. आधी सोल्फेज. म्हणजे कागदावरच्या टिंबाकडे बघून हाताने ताल देत दो-रे-मी म्हणायचं. हे महिनोन्महिने. वाद्याला हात नाही. चुकलात की छडी. मग रेबेक मिळायचा. व्हायोलिनला आमच्यात रेबेक म्हणतात. माझ्या आजोबांची तक्रार होती की वाचायला शिकायच्या आधी ते टिंबं वाचायला शिकले.

त्यामुळे झालं काय, प्रत्येक गावात मिसेला (चर्चमधली उपासना), फेस्ताला (सण), लादाईनीला (घरोघरची प्रार्थना) पुरतील त्याहून जास्त वाजवणारे तयार झाले. गोव्यात तेवढी कामं नाहीत. मग ही माणसं बोटींवर, लष्करी बँडात, संस्थानिकांच्या पदरी, हॉटेलांत गेली. मूकपट बोलू लागला तेव्हा मुंबईला नेमकी अशीच माणसं हवी होती: कागद समोर ठेवला की पहिल्याच फेरीत वाजवणारी. चाल कानाने शिकणारे उत्तम उस्ताद तिथे होतेच. पण पंचवीसजणांनी एकत्र, एकाच वेळी, वेगवेगळं वाजवायचं असेल तर ते तोंडी कसं सांगणार?

आणि एक. आमच्याच गोव्यात देवळांत कलावंतांचं गाणं चालू होतं. चर्चची घंटा आणि देवळातला चौघडा एकाच वाऱ्यावर ऐकू यायचा. तरी माजोर्ड्याच्या मुलाला राग भेटायला मुंबईला जावं लागलं.

आठमात्रा

सांजसारंग, 'खुर्च्या मांडणारा' वाचून हसलो. मी आयुष्यभर मागच्या रांगेतला व्हायोलिनवाला. मोठ्या काळाच्या शेपटाला आलो, पण कामाची रीत बघितली आहे. तीच लिहितो.

सिटिंगला संगीतकार पेटी घेऊन बसतो, चाल म्हणतो. अरेंजर ती भराभर लिहून घेतो. मग घरी रात्री काम. समजा गायिकेची पट्टी पांढरी एक, म्हणजे तिचा 'सा' पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर. व्हायोलिनला तसंच लिहायचं. पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटचा 'सा' मुळात काळी पाचवर बसतो, म्हणून त्यांचा कागद एक पूर्ण स्वर वर चढवून, पांढरी दोनमध्ये लिहायचा. व्हायोलावाल्याची क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण) निराळी, त्याला व्हायोलिनचा कागद दिला तर तो तुमच्याकडे बघत राहील. हे सगळं डोक्यात ठेवून मोठा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचा एकत्र कागद, तयार झाला की कॉपिस्ट प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा काढणार. झेरॉक्स नव्हतं. एका डेस्कवर दोन व्हायोलिनं बसवली तरी ११० जणांचे कागद किती होतील बघा, आणि ते सगळे शाईने, हाताने. कॉपिस्टच्या एका चुकीच्या शार्पने (स्वर अर्ध्याने चढवणारी खूण) सकाळ वाया गेलेली मी पाहिली आहे.

त्या काळी सगळे एकाच वेळी वाजवायचे, गायिकाही त्याच क्षणी गायची. टेकच्या शेवटच्या ओळीला कोणाच्या हातून कमान घसरली तर पुन्हा पहिल्यापासून सगळे. पुढे उभ्या माणसाला काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट, पेटीवरचा संगीतकार, आतली गायिका आणि आम्ही, असा चौफेर कान लागायचा.

आता सारंग. राग सारंगमध्ये ऑर्केस्ट्रासाठी लिहायचं म्हटल्यावर मला आधी घाम फुटतो. सारंगात ग नाही, ध नाही. सा रे म प नी, चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल. पाश्चात्य हार्मनीचं, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजवण्याच्या रीतीचं, घर म्हणजे सा-ग-प. शुद्ध ग असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. इथे ग च नाही! म्हणजे घराला भिंती आहेत, छप्पर नाही. शुद्ध नी घेतला की प-नी-रे छान मिळतो, त्यात म मिसळला तर तो कॉर्ड (एकदम वाजलेला स्वरांचा गुच्छ) अक्षरशः सा कडे ओढ घेतो. ओढत दारापर्यंत आणतो, दार उघडावं तर आत ग हजर नाही. कोमल नी घेतला की नी-रे-म मिळतो, त्याचा रंग वेगळाच.

तेव्हा अशा रागात कॉर्ड ठोकत बसणाऱ्याचं काही खरं नाही. एक सुरावट दुसरीच्या मागे सोडायची, एकीने थांबलं की दुसरीने चालायचं, खाली चेलोने नुसता सा-प धरायचा, असं काहीतरी करावं लागतं. ज्याने हा राग निवडला त्याला सोपी वाट नको होती, एवढं मी मागच्या रांगेतून सांगू शकतो.

रोखठोक_आण्णा

सगळं छान. पण मी स्पष्ट बोलतो. चाल संगीतकाराची. अरेंजर मंडप सजवतो, लग्न त्याचं नसतं. हल्ली ज्याला त्याला 'पडद्यामागचा खरा हिरो' म्हणायची साथ आली आहे.

दुसरं, सारंग ११० जणांनी वाजवायचाच कशाला? दुपारच्या वेळी एका तंबोऱ्यावर एक माणूस सारंग लावतो तेव्हा रे वर नुसतं उभं राहण्यात जे आहे, ते शंभर कमानी एकदम खालीवर झाल्या की उरत नाही. कागदावर टिंब काढलं की स्वर संपला. आंदोलन, म्हणजे स्वराचं ते हळूच झुलणं, कुठल्या टिंबात लिहिणार?

सांजसारंग

आण्णा, तुमच्याशिवाय धाग्याला चव नाही.

मंडपाचं मान्य करू. पण मंडपवाल्याचं नाव निदान पावतीवर तरी असतं. शंकर-जयकिशनच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बघा: सहाय्यक, दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दत्ताराम वाडकर तालाची बाजू बघायचे. सेबॅस्टियन डिसोझा गोव्यातल्या रेइश मागुशचे, फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात स्वतःचा बँड चालवत होते. नंतर मुंबईत वीसएक वर्षं शंकर-जयकिशनचं अरेंजिंग केलं. मुख्य चाल चालू असताना मागून व्हायोलिनांची जी दुसरी धून येते, वादक तिला 'ऑब्लिगाटो' म्हणतात, ती त्यांची खासियत. कित्येकदा मी गाणं सोडून तीच गुणगुणतो. आणि पडद्यावर शब्द काय, तर 'सहाय्यक'.

आपल्या सी. रामचंद्रांचंच घ्या. चितळकर अस्सल मराठी मातीतले, आणि 'अलबेला'तला तो स्विंग? त्यात चिक चॉकलेटचा हात होता. म्हणजे हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईतल्या जॅझचे ट्रम्पेटवाले. ते आणि त्यांचे साथीदार त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. अण्णांची (तुमची नव्हे, चितळकर अण्णांची) प्रतिभा यामुळे तसूभर कमी होत नाही. दोन माणसांचं काम होतं, एवढंच म्हणायचंय.

आंदोलनाच्या मुद्द्यावर मी गप्प. तो खरा आहे.

आठमात्रा

मी गप्प बसणार नाही. आण्णा, आंदोलन लिहिता येत नाही, बरोबर. पण कुठलं संगीत पूर्ण लिहिता येतं? जर्मन माणसाच्या सिंफनीतसुद्धा कागदावर नसलेलं पुढे उभ्या माणसाला हाताने सांगावं लागतं, म्हणून तर तो उभा असतो. नाहीतर घड्याळ लावलं असतं.

त्यातून हिंदुस्तानी व्हायोलिनवाला मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून वाजवतो, त्याचा डावा हात मोकळा, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) हवी तेवढी. आम्ही खांद्यावर धरणारे. आमची मींड आखूड. अँथनींच्या समोर बहुतेक खांद्यावाले असणार. त्यांच्याकडून राग काढून घ्यायचा म्हणजे प्रत्येक घसरणीची जागा, कुठल्या बोटाने, कमानीच्या कुठल्या भागात, हे सांगत बसायचं. शिकवणारा माणूस होता म्हणून धाडस केलं.

एलएची_माई

आज वाचायला उशीर झाला, आमच्याकडे आता सकाळ. मला हा धागा वाचताना सारखी मेहली मेहतांची आठवण येतेय. झुबिन मेहतांचे वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९०८ साली मुंबईत जन्मले. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, म्हणजे अँथनी तेव्हा आठ वर्षांचे. मग ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले, तिथून फिलाडेल्फिया, आणि १९६४ मध्ये इथे लॉस एंजेलिसला त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली. तेहतीस वर्षं तरुण मुलांना घडवलं. कार्यक्रम फुकट असायचे. मी नवीन आले तेव्हा हातात पैसे नव्हते, मैत्रिणीने नेलं. पांढऱ्या केसांचे पारशी आजोबा विशीतल्या पोरांना असे काही हलवत होते की माझी पर्स मांडीवरून पडली तरी कळलं नाही.

सांगायचं हे की त्यांना शेवटी जागा मिळाली. भाड्याची, लांबची, पण मिळाली. विद्यापीठ होतं, देणगीदार होते, दरवर्षी नवी मुलं येत होती. मात्र ते ब्राम्स, बीथोवन वाजवत होते. त्याला जगात कुठेही खुर्ची मिळते. सारंगमधला कन्चेर्टो घेऊन माणूस जाणार कुठे? पाश्चात्यवाल्यांना तो सिनेमाचा, रागवाल्यांना तो बँडवाला.

हिशेबनीस

माईंनी भाड्याचा विषय काढलाच आहे म्हणून.

१९५८ च्या मुंबईत एवढे वादक एका जागी मिळाले कारण सिनेमा त्यांना रोज काम देत होता. सकाळी ताडदेव, संध्याकाळी वांद्रे, शिफ्टवर पैसे. सिंफनीची तालीम म्हणजे प्रत्येकाची एक शिफ्ट बुडाली. एकदा हौसेने, मैत्रीखातर, 'आपल्या अँथनीसाठी' होतं. दर महिन्याला होत नाही. तिकिटावर भागायचं नाही हे तर उघड आहे. सरकार किंवा एखादं उद्योगघर पाठीशी नसेल तर सिंफनी ऑर्केस्ट्रा जगात कुठेच उभा राहत नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो २००६ मध्ये, मागे संस्था होती म्हणून, आणि त्यातही सुरुवातीला बहुतेक वादक परदेशी. अँथनींचे ११० इथले होते. धोबीतलावावरच्या गोंयकारांच्या कुडांतून झेवियर्सला चालत येता येतं.

म्हणजे गंमत अशी की ज्या सिनेमाने त्यांचा ऑर्केस्ट्रा शक्य केला, त्याच सिनेमाने तो टिकू दिला नाही. दोष कोणाचाच नाही, वेळापत्रकाचा आहे.

चहाबिस्कुट

कुड म्हणजे?

सासष्टीकर

गावाची खोली. माझ्या गावच्या माणसाने मुंबईत उतरलं की थेट जायचं, एक पेटी ठेवायची जागा, झोपायला चटई, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा. प्रत्येक गावाची वेगळी. बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक, सगळे. जेर महाल नावाच्या जुन्या इमारतीत अजून काही आहेत.

अवांतर: आडनाव आमच्यात 'गोंसाल्विश'च्या जवळ जातं. गाण्यात जे म्हटलंय तसं माजोर्ड्यात कोणी म्हणत नाही. पण आता तेच बरोबर झालंय.

झेवियराइट_९४

झेवियर्सच्या त्या प्रांगणात, आमच्या भाषेत क्वॉडमध्ये, पाच वर्षं बसलो. मल्हार फेस्टिवलचे स्टॉल मांडले, एकदा पेपर फुटल्याची अफवा तिथेच ऐकली. या कार्यक्रमाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. चारी बाजूंनी दगडी कमानी, वर आभाळ. माझा प्रश्न वेगळाच आहे, उघड्या प्रांगणात एप्रिलच्या उकाड्यात तारा सुरात कशा राहिल्या असतील?

आठमात्रा

राहत नाहीत. अर्ध्या अर्ध्या तासाने पिळाव्या लागतात. गट स्ट्रिंग, म्हणजे आतड्याच्या तारा, असतील तर विचारूच नका.

स्वरलता

धाग्याच्या निमित्ताने आपल्या अनिल मोहिलेंचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. 'अष्टविनायक'चं संगीत अनिल-अरुण या जोडीचं, त्यातले अनिल. पण जन्मभर ओळख अरेंजर म्हणून. लताबाईंच्या परदेशातल्या कार्यक्रमांत वाद्यवृंदासमोर पाठमोरे उभे असायचे, आपण बाईंकडे बघायचो. तेही २०१२ मध्येच गेले, १ फेब्रुवारीला. अँथनींच्या नंतर दोनच आठवड्यांनी.

माझ्या काकांनी एका मराठी नाटकाच्या दौऱ्यावर ऑर्गन वाजवला आहे. ते म्हणायचे, वाद्यवृंदाच्या पुढे उभ्या माणसाचा चेहरा फक्त वाजवणाऱ्यांना माहीत असतो. प्रेक्षकांना कोट माहीत असतो.

रोखठोक_आण्णा

मंडपाचे शब्द मी मागे घेत नाही. पण काल रात्री आठमात्रांचं सारंगाचं वाचून पेटी काढली. सा-प धरला आणि डोळे मिटून ग ची वाट बघितली. आला नाही. त्या न येण्यात काहीतरी आहे, एवढं कबूल करतो. ११० जणांचा मुद्दा मात्र कायम.

सांजसारंग

आण्णांनी पेटी काढली! धागा काढल्याचं सार्थक झालं.

भाच्याचा ताजा अहवाल: त्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो की-बोर्ड शिकतो. आठमात्रांनी दिलेले स्वर त्याने दाबून पाहिले, प-नी-रे-म झालं, सा वर आला, थांबला, आणि मला विचारतो, "मामा, इथे ग लावू का? लावल्याशिवाय संपल्यासारखं वाटत नाही."

काय सांगू?

आठमात्रा

लावू द्या. मग परत न लावता वाजवायला सांगा. कानाला काय खटकतं ते त्याचं त्याला कळेल.

रोखठोक_आण्णा

ग खटकेल.